टेक्सासला शून्य टॅक्स, हे आमच्या सासऱ्यांना कोणी सांगितलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेत घरून काम करण्याबद्दलचा लेख माझ्याआधी आमच्या सासऱ्यांनी वाचला, इचलकरंजीत, सकाळच्या चहाबरोबर, आणि एका ओळीखाली पेनने रेघ मारून मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. कंपनी न्यूयॉर्कची, राहायचं टेक्सासला, स्टेट टॅक्स शून्य! खाली त्यांचा मेसेज, "मग सूनबाई, तुमच्या पगारातून न्यूयॉर्कवाले काय कापतात?" सासरे बँकेतून हेडकॅशियर म्हणून रिटायर झालेत, पेपरात छापून आलेलं त्यांना खोटं वाटत नाही, सून वाटते.

जिथे बसून काम करता तिथला टॅक्स, हे बहुतेक राज्यांच्या बाबतीत बरोबर आहे, पण लेखकाने उदाहरण घेतलं ते नेमकं न्यूयॉर्कचं! तिथे 'कन्व्हीनियन्स ऑफ द एम्प्लॉयर' नावाचा नियम आहे. तुमचं ऑफिस न्यूयॉर्कात आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरून काम करत असाल तर ते दिवससुद्धा न्यूयॉर्कात काम केल्याचे धरतात. कंपनीच्याच गरजेपोटी बाहेर बसलात तर सुटका, पण ते सिद्ध करून दाखवा म्हणजे कळेल.

मी दाखवायला गेले होते. २०२१ साली मिस्टरांची नोकरी इकडे टेक्सासमध्ये आली म्हणून आम्ही न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सी राज्यातली जर्सी सिटी सोडून फ्रिस्कोला आलो, माझी कंपनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधलीच राहिली. तिथलं माझं टेबलसुद्धा त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं, गेले की मी पॅन्ट्रीत लॅपटॉप मांडून बसते. त्या पहिल्या पूर्ण वर्षात मी तिथे नऊ दिवस होते, विमानाची तिकिटं जपून ठेवली होती, म्हणून नऊ दिवसांचाच टॅक्स दाखवून रिटर्न भरला. वर्षभराने पत्र आलं, सगळेच दिवस न्यूयॉर्कचे, फरक भरा, वर व्याज. एचआरकडे पत्र मागितलं तर त्यांनी लिहून दिलं 'एम्प्लॉयीच्या विनंतीवरून'. सोय म्हणे! न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले आठ, पोरांचे डबे भरता भरता मीटिंग, कॅमेरा बंद ठेवून, ही माझी सोय.

आणि हे काही कोविडनंतरचं खूळ नाही हो. टेनेसीत राहणारा एक प्रोग्रामर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका कामगार संघटनेसाठी काम करायचा, साधारण पाऊण वेळ घरून, पाव वेळ न्यूयॉर्कात. त्याने कोर्टात भांडून बघितलं, २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की सगळ्या पगारावर टॅक्स भर. टेनेसीतही पगारावर टॅक्स नाही, म्हणजे माझीच केस.

जर्सीतली मैत्रीण म्हणते, मला काय फरक पडतो, न्यूयॉर्कला भरलेल्याचं क्रेडिट जर्सी देतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या टॅक्समधून वजा करतं. फारसा पडत नाहीच, मोठा फटका जर्सीच्या तिजोरीला बसतो, म्हणून तर त्यांनी २०२३ मध्ये चिडून तसाच उलटा नियम केला, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत घरी बसून जर्सीच्या कंपनीचं काम करणाऱ्यांपुरता. टेक्सासला मुळात इन्कम टॅक्सच नाही तर क्रेडिट कशातून देणार? घराचा प्रॉपर्टी टॅक्स मात्र टेक्सास असा घेतं की मागची सगळी बचत विसरायला होते, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाला २,५०० कापले की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा इकडे यावं.

तेव्हा कृपा करून खुलासा छापा, पहिल्या पानावर नको पण सासऱ्यांना चष्म्याने दिसेल एवढा तरी.

जाता जाता, तुमच्या ई-पेपरची वर्गणी भरायला गेलं की ओटीपी फक्त भारतातल्या नंबरावर येतो, परदेशातले वाचक तुम्हाला नकोत का? इथले दुपारचे चार म्हणजे तिकडचे रात्रीचे अडीच. दरवेळी मला तो ओटीपी सासऱ्यांना झोपेतून उठवून विचारावा लागतो, आणि यंदा उठवलं की ते आधी न्यूयॉर्कचं विचारणार.

कळावे,
एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास