मुक्त व्यापार परक्यांना सांगण्यापुरताच?

महोदय,

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक भारतीय वस्तूंवरील अतिरिक्त आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आपल्याकडे उमटलेला संताप रास्तच होता. मात्र त्या निमित्ताने खुल्या व्यापाराची जी महती गायली गेली, ती ऐकताना न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंग एजंट म्हणून, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाची कस्टम्समधील कामे पाहणाऱ्या माझ्यासारख्याला आपल्याच सरकारच्या अधिसूचना आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी दावोसला संरक्षणवाद डोके वर काढत असल्याची चिंता व्यक्त केली आणि पुढच्या दहा दिवसांच्या आत अर्थसंकल्पाने मोबाइल फोनवरील सीमाशुल्क १५ वरून २० टक्के केले. देशी उद्योगाला काही काळ आडोसा देण्यात गैर नाही. पण मग तसे उघड सांगावे.

कांद्याच्या बाबतीत तर बोलणे आणि करणे यांचा मेळच राहिला नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या जाहीरनाम्यात संरक्षणवादाला आळा घालण्याची ग्वाही देण्यात आली. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा बाहेर पाठवता येईना, आणि ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी आली. ज्या मालाची जहाजात भरणी आधीच सुरू झाली होती किंवा जो कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्याला सूट मिळाली. नाशिकहून निघून त्या दिवशी कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकमधील मालाला मात्र ती लागू नव्हती. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत काही महिने तरी राहतो, डिसेंबरचा लाल कांदा टिकत नाही. त्यामुळे असा माल मिळेल त्या भावाने इथल्याच बाजारात काढण्यावाचून गत्यंतर नसते. हा तोटा शेतकरी आणि छोटा निर्यातदार सोसतात, आणि परदेशातील खरेदीदार तोवर पाकिस्तान किंवा चीनच्या कांद्याकडे वळलेला असतो. एप्रिल २०२४ मध्ये बंदी कायम असताना मुख्यतः गुजरातेत पिकणाऱ्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची मुभा मिळाली, त्यावर नाशिककरांनी काय म्हणायचे? बंदी मे २०२४ मध्ये उठली, तरी शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

भाव भडकू नयेत ही सरकारची काळजी खोटी नाही, आणि त्या हिवाळ्यात स्वस्त झालेला कांदा आम्ही नवी मुंबईकरांनी वाशीच्या बाजारातून आनंदाने घरी नेला, हेही खरे. पण शहरांच्या स्वस्ताईची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी? भाव आवरण्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत राखीव साठ्याची खरेदी होतेच. ती वेळेवर आणि पुरेशी व्हावी, तिचा भार सरकारी तिजोरीने उचलावा.

निर्यातीवर निर्बंध घालायचेच असतील, तर ते कोणत्या भावपातळीला लागू होतील हे लागवडीपूर्वी जाहीर करावे आणि आधी झालेल्या सौद्यांचा माल पाठवण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी. अनेक देशांशी मुक्त व्यापाराचे करार करणाऱ्या सरकारने एवढी हमी आपल्या शेतकऱ्यालाही लेखी द्यायला हरकत नसावी.

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई