बाटलीचं लेबल काढून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

एचआयव्ही असलेल्या समलिंगी पोरांच्या आपल्या गटातर्फे हे आभार. नाव घालत नाही, तुम्हालाच ते आवडायचं नाही.

"गोळी का चुकली?" असं दरडावणारे पुष्कळ भेटले. "बाटली ठेवतोस कुठं?" हे तुम्हीच विचारलंत. बीड-परळीकडून ऊसतोडीला गेलेल्या पोराची कोपी ती केवढी! त्यात बायको, भाऊ, कधी मुकादमाची चक्कर. बाटलीवर औषधाचं नाव, हलवली की खुळखुळ. मग गोळ्या जायच्या कागदाच्या पुडीत, तिथं ओल लागून खराब व्हायच्या आणि फडावर असतानाच औषध तुटायचं.

तुम्ही आधी मुदतीची तारीख बाटलीच्या बुडावर पक्क्या शाईनं लिहायला लावलीत. मग झाकण घट्ट लावून, कोमट पाण्याचं फडकं लेबलावर धरून ते अलगद सोललंत. आतली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवली, वर कोरड्या कापसाचा बोळा. खुळखुळ बंद. एवढंसं काम, पण ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

रोजची एकच गोळी: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300, डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम. पित्ताचं पातळ औषध घ्यायचं तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. फडावर पित्त कुणाला होत नाही? विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. हे तुम्ही न कंटाळता सांगत राहिलात. रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला की संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे ऐकून लग्न झालेल्या पोरांचे चेहरे कसे सैल पडले!

आणि ते आधीचे समुपदेशक? "लग्न कर, सगळं सुटेल" म्हणायचे. भरल्या रांगेत आजाराचं नाव घेऊन हाक मारायचे. माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, असा 2017 चा कायदा आहे, पण तो त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नसावा. तुम्हाला त्यासाठी कायदा लागला नाही. काही माणसं मुळातच नीट असतात, बस.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी जास्तीच्या महिन्यांच्या गोळ्या मागून ठेवायच्यात. यंदा लेबलं आम्हीच काढतो. तुम्ही नुसते येऊन बसा, चहा आमच्याकडं.

तुमचीच,
गटातली मंडळी