चि. ऋताला, रेसिडेन्सीला निघताना

नागपूर, १२ जून

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

१ जुलैला तुझी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं डॉक्टरी प्रशिक्षण, सुरू होईल. न्यू जर्सीतल्या वॉर्डात एका खोलीत काळ्या वंशाचे आजोबा, पुढच्या खोलीत स्पॅनिश बोलणारी बाई आणि त्यापुढे मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या कोल्हापूरच्या काकू, असे पेशंट तुला एकाच राउंडला भेटतील. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३ साली एक जाडजूड अहवाल छापला. विमा आणि उत्पन्न सारखं असलं तरी गोऱ्यांपेक्षा इतर वंशांच्या पेशंटना कमी दर्जाची सेवा मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याला वीस वर्षं उलटली, तरी पेशंटच्या अनुभवातला फरक पुरता मिटलेला नाही. उघड अपमान करणारा डॉक्टर तुला क्वचितच दिसेल. फरक पडतो तो मिनिटांत: कुणाच्या खोलीत किती मिनिटं उभं राहिलं, 'दुखतंय' म्हटल्यावर इंजेक्शन किती वेळाने आलं, दुभाष्याशी जोडून देणारा फोन आणायला कुणी उठलं का. ही मिनिटं बऱ्याच अंशी रेसिडेंटच्या हातात असतात, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी भाषा. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ यांमुळे इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला प्रशिक्षित दुभाषी फुकट मिळणं हा त्याचा हक्क आहे. घरच्या माणसाला दुभाषी हो म्हणून गळ घालता येत नाही, आणि लहान मुलाला तर जिवावर बेतलेला प्रसंग सोडला तर या कामाला लावूच नये. दहा वर्षांचा मुलगा आईला पाळीच्या रक्तस्रावाबद्दल काय विचारणार? मोठा मुलगा असला तर तो 'कॅन्सर' हा शब्द गाळून सांगतो, आणि सही मात्र आईची होते.

बिघडतं कुठे, ते बघ. भरती होताना आणि ऑपरेशनच्या संमतीला फोन लावला जातो. सकाळच्या राउंडला मात्र घाई असते, फोनचं चार्जिंग संपलेलं असतं, आणि कुणीतरी आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर वेळ मारून नेतो. पेशंट मान डोलावतो. डिस्चार्जच्या वेळी पुन्हा तेच. इंग्रजी लेबलवर दिवसातून एकदा म्हणून लिहिलेला 'वन्स' हा शब्द स्पॅनिशमध्ये वाचला तर त्याचा अर्थ अकरा होतो, एवढं लक्षात ठेवलंस तरी तू डिस्चार्जला फोन टाळणार नाहीस.

फोन लागला की दुभाष्याला दोन वाक्यांत विषय सांग: वाईट बातमी आहे की औषधं समजवायची आहेत. मग पेशंटकडे बघून थेट त्याच्याशी बोल. 'त्यांना विचारा' असं म्हणू नकोस, 'तुम्हाला कुठे दुखतंय?' असंच म्हण. एका वेळी एक-दोन वाक्यं, मग थांबायचं. शेवटी 'कळलं ना?' विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा' असं विचार. पेशंटच्या नोंदीत, म्हणजे नोटमध्ये, दुभाष्याचा ओळख क्रमांक लिही.

भारतीय चेहरा दिसला की हिंदीचा दुभाषी मागवू नकोस, भाषा विचारून घे. काकू मराठीच बोलत असतील, तर भाषांतर करणाऱ्याला मराठीच आली पाहिजे. 'पित्त' म्हणजे कधी आंबट ढेकर, कधी अंगावर उठलेल्या गांधी. 'जीव घाबरतोय' म्हणजे चिंता असेल, रक्तदाब उतरला असेल किंवा हार्ट अटॅकची सुरुवातही असेल. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाच्या घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांना खाण्यातून काही बाधलंय असं म्हणायचं होतं. डॉक्टरांना वाटलं ड्रग्जचा ओव्हरडोस. मेंदूतल्या रक्तस्रावाचं निदान लांबलं आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. म्हणून असा शब्द कानावर आला की थांब, आणि नेमकं काय होतंय ते खोदून विचार.

आता वेदना. गडचिरोली-चंद्रपूरकडून इथल्या मेडिकल कॉलेजात येणारे सिकल सेलचे, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट तू पाहिलेस, तो अनुभव तिथे तुझ्या कामी येईल. अमेरिकेत सिकल सेलचे सुमारे एक लाख पेशंट आहेत आणि त्यांतले बहुतेक काळे. क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनेच्या झटक्यात, नाडी आणि रक्तदाब नॉर्मल असू शकतात. पेशंट मोबाइल बघत पडलेला असतो, कारण त्याने लहानपणापासून वेदनेत तसंच राहायला शिकलेलं असतं. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम लागू पडतं ते तो नावानिशी सांगतो, आणि तिथेच त्याच्यावर 'ड्रग सीकिंग'चा, म्हणजे नशेसाठी औषध मागतोय असा, शिक्का बसतो. मधुमेही माणूस आपलं इन्सुलिन किती युनिट ते सांगतो, तेव्हा आपण त्याला जागरूक म्हणतो. तिथल्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ट्रायाजपासून, म्हणजे आल्याआल्या होणाऱ्या पहिल्या तपासणीपासून, ३० मिनिटांत किंवा नोंदणीपासून ६० मिनिटांत वेदनाशामकाचा पहिला डोस जायला हवा, आणि दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा विचारायला हवं. पहिला डोस कधीकधी वेळेवर जातो, दुसरा राहून जातो, कारण पुन्हा विचारायला कुणी येत नाही. तू घड्याळ लावून जा. शीर सापडत नसेल तर त्वचेखाली दे, पण शीर शोधण्यात तास घालवू नकोस.

२०१६ मध्ये व्हर्जिनियात २२२ गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांची आणि रेसिडेंटांची पाहणी झाली. काळ्यांची कातडी जाड असते यांसारख्या चुकीच्या समजुतींपैकी निदान एक तरी निम्म्यांना खरी वाटत होती, आणि अशा समजुती बाळगणाऱ्यांनी काळ्या पेशंटची वेदना कमी धरली. ही शिकलेली मुलं होती, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटतं.

यंत्रंही भेद करतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो आणि कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं. २०२० च्या अभ्यासात ऑक्सिमीटर ऑक्सिजन ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीच्या रक्तात तो ८८ पेक्षा कमी निघालेले काळे पेशंट शंभरात जवळजवळ बारा होते, गोरे चारही नव्हते. गडद सावळ्या रंगाच्या आपल्या माणसांनाही हा धोका आहेच. बोट गरम कर, नेलपॉलिश काढ, आलेख नीट येतोय ना बघ. पेशंटला धाप आहे आणि आकडा ९३ आहे, तर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, कर.

किडनीचं थोडक्यात. जुन्या सूत्रात काळ्या पेशंटचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाजी आकडा, सुमारे १.१६ ने गुणायचे. १८ चे जवळजवळ २१ व्हायचे, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला २० किंवा खालचा आकडा लागतो. २०२१ मध्ये वंश वगळून नवं सूत्र आलं, २०२३ पासून हुकलेला काळ परत जोडून मिळतो. तुझा पेशंट डायलिसिसवर असेल तर जुने रिपोर्ट काढून बघ आणि त्याच्या ट्रान्सप्लांट सेंटरला विचार.

नोट जपून लिही. २०२२ मध्ये शिकागोच्या एका अभ्यासात काळ्या पेशंटच्या नोंदीत 'नॉन-कम्प्लायंट' (सांगितलेलं न पाळणारा) यासारखा नकारार्थी शब्द सापडण्याची शक्यता गोऱ्यांच्या अडीच पट निघाली. पुढचा डॉक्टर पेशंटला भेटण्याआधी ते वाचतो. एप्रिल २०२१ पासून पेशंटलाही नोट वाचता येते. गोळी घेत नाही, तर का ते लिही: परवडत नाही, मळमळतं, फार्मसीला जायला गाडी नाही.

शेवटी सर्वेक्षण. डिस्चार्जनंतर काही पेशंटना एचकॅप्सचा, म्हणजे हॉस्पिटलातल्या अनुभवाच्या देशव्यापी सर्वेक्षणाचा, फॉर्म जातो: डॉक्टरांनी नीट ऐकलं का, समजेल असं सांगितलं का. चार पर्यायांपैकी 'नेहमी' हे उत्तर आलं तरच हॉस्पिटलला पूर्ण श्रेय मिळतं. आशियाई पेशंट गोऱ्यांपेक्षा कमी गुण देतात. त्यांना टोकाचं उत्तर द्यायची सवय नसते हे थोडंफार खरं, पण सगळा फरक त्यात विरघळत नाही. शिवाय फॉर्म स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी अशा मोजक्या भाषांत आहे; हिंदी-मराठीत नाही. म्हणजे काकूंचा अनुभव बहुधा कुठे नोंदलाच जाणार नाही. त्या खोलीत पाच मिनिटं जास्त बस, आणि विचारायचं राहिलं असं काही आहे का, ते मराठीत विचार.

पहिल्या दिवशी दुभाष्याचा फोन कुठल्या कपाटात असतो आणि चार्जर कुणाकडे असतो, ते बघून ठेव. नंबर पाठ कर. पोचलीस की कळव.

तुझी,
आई