मास्तर आणि डॉक्टरचा प्रश्न

प्रिय बाळ्या,

रागावला असशील, रागाव. फोनवर बोलता येत नव्हतं, सून सारखी आत-बाहेर करते. माझं बरं चाललंय, साखर ताब्यात.

मास्तर त्यांच्या नेहमीच्या बैठकीत कोसळले. आता नर्सचं व्याकरण सुधारतायत, म्हणजे धोका टळला. आधी निळी गोळी, म्हणजे व्हायग्रा, वर पॉपर्सची, म्हणजे त्या हुंगायच्या नशेची, बाटली नाकाशी. दोन्हींनी रक्तदाब उतरतो, एकत्र घेतलं की धाडकन. शुद्धीवर आले तर छातीत दुखायला लागलं. इमर्जन्सीतल्या पोरानं विचारलं, छातीदुखीवर नायट्रेट देऊ म्हणतो, आधी काही घेतलंय का? पुतण्या शेजारी उभा. मास्तर म्हणतात, "पोट साफ व्हायचं चूर्ण."

मी पुतण्याला पाणी आणायला पिटाळलं आणि सगळं सांगून टाकलं. पोराचा हात जागच्या जागी थांबला. सिल्डेनाफिल, म्हणजे तीच निळी गोळी, घेतल्यावर 24 तास आणि तिच्याच जातीची टाडालाफिल असेल तर 48 तास नायट्रेट द्यायचं नसतं. तो चिडला नाही रे, फक्त "या वयात?" म्हणाला आणि पुढचं गिळलं. ते मला अजून टोचतंय. आपल्याला सगळे डॉक्टर साखर विचारतात, शौचाला होते का विचारतात. कोणाबरोबर झोपता, काय ओढता, हे कोणी विचारत नाही. आजोबांना कसला सिफिलिस! त्याची जखम दुखत नाही, आपोआप भरते आणि रोग आत राहतो. ती रक्ततपासणी शेवटी मास्तरांनीच मागून घेतली, तीही पुतण्या जेवायला गेल्यावर. मी प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणूनची गोळी, घेतो तर डॉक्टर मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी बघायचं विसरतात, दरवेळी मीच आठवण करतो. पन्नाशीनंतर मूत्रपिंडाकडे जास्तच बघायला हवं ना?

आता तू. तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट आहे का, पाकिटावर वाच. असेल तर निळी गोळी रक्तात कितीतरी पटीने चढते, आणि एमडीएमए, ती पार्टीतली नशा, तीसुद्धा जास्त चढते. तुझ्या रक्तात व्हायरस सापडत नाही, संबंधातून तुझ्याकडून कोणाला लागण होत नाही, हे मान्यच. पण ते लागणीचं झालं, हृदयाचं नाही. "तुला काय कळतं" म्हणू नकोस, ते म्हणून झालंय, आणि माझा रेडिओ अजून तुझ्याकडेच आहे.

मी तिथे नसतो तर कोण बोललं असतं? मास्तरांना म्हटलं, खिशात चिठ्ठी ठेवा. म्हणाले, शुद्धलेखन कोण तपासणार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला. पाकिटावरचं नाव लगेच कळव.

तुझा,
अण्णा