बॅटरी बदलण्याआधी केबल सोलून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली की आमच्या दिवाळे कोळीवाड्यात होड्यांना रंग लागतो, इंजिनाचं तेल बदललं जातं आणि कुणाची तरी बॅटरी ‘गेली’ म्हणून नवी येते. मी गोदीत ३१ वर्षं वायरमन होतो, म्हणून ती बसवायला मला हाक मारतात. मी आधी जुनीच तपासतो. ती पुष्कळदा धडधाकट निघते आणि घरचे माझ्यावरच नाराज होतात, कारण नवीचे पैसे देऊन झालेले असतात.

माझ्या भाच्याचंच सांगतो. माघात ऐन ओहोटीला वाशी पुलाच्या खांबांजवळ त्याचं इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. पाणी खांबाकडे ओढत होतं. दोघांनी बांबू टेकवून होडी आवरली, तेवढ्यात मागच्या होडीने दोर टाकला म्हणून निभावलं. “मामा, आठ महिन्यांत दुसरी बॅटरी बसली,” म्हणत तो दारात उभा.

मीटर लावला. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर १०.८ व्होल्ट, स्टार्टरवर ८.१. मधले २.७ व्होल्ट वाटेतच जिरत होते. बॅटरी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, इंजिन मागे, मधलं अंतर ४ मीटर. हिशेबाला मात्र ८ धरायचे, कारण वीज जाते तितकीच परत येते. दुकानदाराने अंतर विचारलंच नव्हतं, १६ स्क्वेअर एमएमची ‘गाडीची जाड केबल’ कापून दिली होती. ती सोलून तारेवर सुरी घासली, तर तांबडा मुलामा निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम!

बोटीची खरी केबल याच्या बरोबर उलट: वरून पांढरी, खरवडली की आत तांबडी. तिच्या प्रत्येक बारीक तारेला कल्हई असते. कल्हई उडालेल्या पितळीत आई ताक ठेवू देत नसे, कळकतं म्हणून. खाडीची खारी हवा उघड्या तांब्याचं तेच करते. आवरण बाहेरून नवंकोरं दिसतं आणि आत हातभर तार हिरवी-काळी झालेली असते. वेल्डिंगची केबल लवचिक असते, म्हणून आमच्याकडे ती फार चालते, पण सहसा तिच्या तांब्यालाही कल्हई नसते. घराच्या वायरिंगची एकसंध तार तर इंजिनाच्या थरथरीने मोडते.

जाडी ठरवायला शाळेतलं गणित पुरे. जाऊन-येऊन मीटर गुणिले ०.०१७५ (हा तांब्याचा आकडा), भागिले स्क्वेअर एमएम, गुणिले अँपियर, की वाटेत जिरणारे व्होल्ट मिळतात. भाच्याचा स्टार्टर २०० अँपियर ओढतो असं धरलं, तर ८ मीटरला ५० स्क्वेअर एमएमचं अस्सल तांबंही ०.५६ व्होल्ट खातं. म्हणून मी केबल वाढवण्याऐवजी बॅटरीच मागे आणली. अंतर दीड मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३, केबल ३५ स्क्वेअर एमएमची. तूट ०.३५ व्होल्टच्या आसपास आली. बॅटरी तीच, ‘बसलेली’.

परतीची काळी केबल लालइतकीच जाड हवी. तिथे पैसे वाचवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पाणी उपसायच्या पंपाची वायरही याच गणिताने घ्या. ५ अँपियरचा पंप ६ मीटरवर असेल, तर ४ स्क्वेअर एमएम लागते. दीडची घातली तर ०.७ व्होल्ट वाटेत जातात, पंप कण्हतो आणि पाणी तिथेच. शिवाय पंपाच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. पंपाजवळ बसवून उपयोग नाही, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज बघतच बसतो.

आमच्याकडे केबलच्या टोकाचे लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची टोकं, अजून हातोडीने ठोकतात, वर थोडं डाग देतात. सैल लग तापतो, डाग वितळतो. लग हायड्रॉलिक यंत्राने दाबून घ्यावा आणि वर गोंदवाली नळी चढवून ती गरम करून आवळावी. हे यंत्र एकेका होडीवाल्याने विकत घेण्यात अर्थ नाही. मच्छीमार सोसायट्या डिझेल देतातच. त्यांनी एक यंत्र आणि कल्हईच्या केबलची दोन-तीन मापांची बंडलं ठेवावीत, मीटरवर विकावीत. वापरायला मी शिकवीन. मजुरी नको, चहा चालेल.

– एक निवृत्त वायरमन, दिवाळे, नवी मुंबई