कोठडीच्या दारापर्यंत न पोहोचलेली माहिती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारागृहातील मृत्यूची बातमी बहुतेक वेळा चार ओळींची असते. बंद्याचे वय, गुन्ह्याचे कलम, 'रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले' आणि 'पुढील चौकशी सुरू आहे', एवढ्यावर ती संपते. मी अनेक वर्षे कारागृहात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. अशी बातमी वाचताना मला दर वेळी तोच प्रश्न पडतो: या माणसाच्या जिवाला धोका आहे हे आधीपासून कोणाकोणाला माहीत होते, आणि त्यांपैकी कोणी ते त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या शिपायाला सांगितले होते का?

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. संध्याकाळी उशिरा न्यायालयातून सात-आठ नवे बंदी आले. बराकी बंद करण्याची वेळ झाली होती, दाखल करून घेण्याची घाई होती. मी सर्वांना एका रांगेत, त्यांना घेऊन आलेल्या पोलिसांच्या आणि इतर बंद्यांच्या देखत विचारले, "काही आजार आहे का? औषध चालू आहे का?" पस्तिशीतल्या एकाने मान हलवून 'नाही' म्हटले आणि मी तसे लिहिले. त्याला फिट येत असत. दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने प्रवेशद्वारावर त्याच्या गोळ्या आणून दिल्या. तिथल्या कर्मचाऱ्याने त्या नियमाप्रमाणे घेतल्या, सामानाच्या नोंदवहीत 'गोळ्या, 1 पाकीट' असे लिहिले आणि पाकीट सामानाच्या खोलीत ठेवले. तिसऱ्या रात्री त्या माणसाला एकामागून एक झटके येऊ लागले. बराकीतल्या लोकांनी आरडाओरड केली, पण पहाऱ्यावरच्या तरुण शिपायाला ते सोंग वाटले, कारण नोकरीला लागल्यापासून ज्येष्ठांनी त्याला हेच शिकवले होते. त्याची खात्री पटल्यावर किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे होती त्याला शोधून आणण्यात आणखी वेळ गेला. तो माणूस वाचला नाही. पाकीट तेव्हाही सामानाच्या खोलीतच, दवाखान्यापासून शंभर पावलांवर होते. चौकशीत प्रत्येकाने आपापली नोंदवही दाखवली आणि प्रत्येकाची नोंद नियमाला धरून होती. माझीही होती.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, कारागृहात माहितीचा दुष्काळ क्वचितच असतो. अटक करणाऱ्या पोलिसांनी बंद्याला कोठडीत डोके आपटून घेताना पाहिलेले असते. गाडीतून घेऊन येणाऱ्याने त्याचे रडणे ऐकलेले असते. न्यायालयात वकिलाने त्याच्या मानसिक उपचारांचा उल्लेख केलेला असतो, आधीच्या कारागृहात त्याने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नाची फाईल असते आणि पत्रे तपासणाऱ्या लिपिकाला घटस्फोटाची नोटीस आल्याचे ठाऊक असते. मात्र यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कपाटात राहते, आणि ती एकत्र करून पुढच्या पाळीला सांगणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नसते. बंदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो आणि त्याचे कागद चार दिवसांनी मागाहून येतात. नवख्या बंद्यासाठी पहिले काही तास आणि पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे लक्षात घेतले तर या चार दिवसांची किंमत कळते.

इंग्लंडमधल्या दोन प्रकरणांत हे जाहीरपणे सिद्ध झाले आहे. 1994 मध्ये चेम्सफर्डच्या तुरुंगात ख्रिस्तोफर एडवर्ड्स या मानसिक आजार असलेल्या तरुणाला तशाच आजारी आणि हिंसक पूर्वेतिहास असलेल्या दुसऱ्या बंद्याबरोबर एका कोठडीत ठेवले गेले आणि त्याच रात्री त्याचा खून झाला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2002 मध्ये ब्रिटनला जीविताच्या हक्काच्या भंगाबद्दल दोषी ठरवले. हल्लेखोराबद्दलची माहिती संबंधित यंत्रणांनी तुरुंगापर्यंत पोहोचवली नाही आणि तुरुंगात प्रवेशाच्या वेळची तपासणी वरवरची झाली, हे त्यामागचे कारण होते. दुसरे प्रकरण 19 वर्षांच्या झाहिद मुबारक याचे आहे. किरकोळ चोरीसाठी फेल्टमच्या तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या या मुलावर 21 मार्च 2000 रोजी, ज्या दिवशी त्याची सुटका व्हायची होती त्याच पहाटे, कोठडीतल्या सोबत्याने हल्ला केला आणि आठवडाभराने झाहिद गेला. त्या सोबत्याच्या वंशद्वेषाच्या आणि हिंसेच्या खुणा तुरुंगखात्याच्याच कागदपत्रांत होत्या. न्यायमूर्ती कीथ यांच्या चौकशी अहवालाने 2006 मध्ये 88 शिफारशी केल्या. त्या शिफारशींच्या मुळाशी गेले की हेच दिसते की, जे एका टेबलावर माहीत होते ते दुसऱ्या टेबलावर माहीत नव्हते.

नियम नाहीत असे मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 17 डिसेंबर 2015 रोजी मान्य केलेल्या आणि नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 122 नियमांपैकी 30 वा नियम सांगतो की, दाखल झालेल्या प्रत्येक बंद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तीत आत्महत्येचा धोका, मानसिक ताण आणि व्यसन अचानक तुटल्याने होणारा त्रास या गोष्टी मुद्दाम पाहिल्या जाव्यात. 26 व्या नियमानुसार बंद्याची बदली झाली की त्याची वैद्यकीय फाईल नव्या ठिकाणच्या आरोग्य विभागाकडे जायला हवी. पण सात बंद्यांना एका रांगेत उभे करून विचारलेला प्रश्न कागदावर तपासणी ठरतो, प्रत्यक्षात ठरत नाही. दहा मिनिटे दार लोटून, पोलिसांना बाहेर थांबवून, माणसाला बसायला सांगून विचारले तर तो बोलतो, हे मी फार उशिरा शिकलो.

माहिती सांगण्याच्या आड आम्ही डॉक्टर बरेचदा गोपनीयता आणतो. गोपनीयता पाळलीच पाहिजे, कारण आजाराची बातमी बराकीत पसरली तर बंद्याचे जगणे कठीण होते आणि पुढच्या वेळी तो डॉक्टरला काहीच सांगत नाही. परंतु स्वतः रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला खरा आणि तातडीचा धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद करता येतो, असे त्याच नियमावलीचा 32 वा नियम सांगतो. माझे मत असे आहे की, निदान दवाखान्यात राहू द्यावे आणि सूचना पहाऱ्यापर्यंत जाऊ द्यावी. शिपायाला आजाराचे नाव कळण्याची गरज नाही. 'याला एकटे ठेवू नये, रात्री ठरावीक वेळ न पाळता अधूनमधून जाऊन त्याच्याशी बोलावे, झटका आला किंवा हाकेला उत्तर दिले नाही तर कोणाची वाट न पाहता दवाखान्याला कळवावे', एवढे एका कागदावर लिहून पाळी बदलताना तोंडी सांगितले आणि घेणाऱ्याची सही घेतली, तरी पुष्कळ काम होते. यासाठी महागडी संगणक प्रणाली येण्याची वाट पाहावी लागत नाही.

मात्र त्या कागदाचा अर्थ कळणारा माणूस दारापाशी हवा, आणि इथे प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. भरतीच्या वेळी कवायत, शस्त्र आणि कायद्याची कलमे शिकवली जातात. मानसिक आरोग्यावर एखादे व्याख्यान होते आणि ते पुढच्या वीस वर्षांना पुरेल असे मानले जाते. शिपायाला खरे शिकवायला हवे ते असे. तोंडाला वास येणारा, बरळणारा माणूस दारूच्या नशेतच असतो असे नाही. डोक्याच्या आतला रक्तस्राव किंवा मधुमेह्याची एकदम उतरलेली साखरही तशीच दिसते, म्हणून 'झोपू द्या, उतरेल' हे वाक्य जीव घेऊ शकते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर भ्रम, थरथर आणि ताप यांचा घातक टप्पा साधारणपणे 2 ते 4 दिवसांनी येतो, तेव्हा पहिल्या दिवशी ठणठणीत दिसलेला माणूस तिसऱ्या रात्री मरणाच्या दारात असू शकतो. जामीन नाकारला गेल्यावर किंवा घरच्यांशी फोनवर बोलून आल्यावर गप्प झालेला, आपल्या वस्तू वाटून टाकणारा बंदी 'आता शांत झाला' असे समजून सोडून द्यायचा नसतो. आणि 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हे शिकवले नाही म्हणून कितीतरी सज्जन शिपाई विचारायला घाबरतात.

यातले बरेचसे वर्गात बसून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी रात्री दोन वाजता, पाळीवर असतील तेवढ्याच माणसांना घेऊन सराव करावा लागतो: दार कोण उघडणार, किल्ली किती वेळात येते, छाती दाबणे कोण सुरू करणार, रुग्णवाहिकेला फोन कोण करणार आणि ती आल्यावर फाटक कोण उघडणार. श्वास थांबल्यावर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत 2013 पासून आणीबाणीसाठी दोन शब्द सर्वत्र ठरलेले आहेत. श्वासाचा किंवा शुद्धीचा प्रश्न असेल तर 'कोड ब्लू' आणि मोठा रक्तस्राव किंवा भाजणे असेल तर 'कोड रेड'. बिनतारी यंत्रावर ते उच्चारताच नियंत्रण कक्षाने वरिष्ठांच्या परवानगीसाठी न थांबता रुग्णवाहिका बोलवायची असते. आमच्या त्या रात्री असा एक शब्द ठरलेला असता तर शिपायाला सोंग की खरे याचा निवाडा स्वतःच्या जबाबदारीवर करत बसावे लागले नसते.

नातेवाईकांना सहसा कोणी विचारत नाही. बंद्याला सर्वांत जास्त ओळखणारी माणसे प्रवेशद्वाराबाहेर उभी असतात आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा ठरलेला माणूस नसतो. प्रत्येक कारागृहात काळजीची माहिती घेण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक असावा, आणि आलेला निरोप त्याच दिवशी दवाखान्यात आणि बराकीच्या पहाऱ्यावर पोहोचल्याची नोंद व्हावी. त्या बाईंनी गोळ्या दिल्या तेव्हा 'या कशासाठी?' एवढे विचारायला कोणी नेमलेले असते तर पुढचे सारे टळले असते.

आणखी एक मागणी थोडक्यात. मृत्यू झाल्यावरच चौकशी होते, पण वाचलेल्या जिवांचीही नोंद व्हायला हवी. थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग, कोणाला शिक्षा करण्यासाठी न वापरता, महिन्यातून एकदा पोलीस, कारागृह कर्मचारी आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून पाहावा. चौकशीचे अहवाल वरिष्ठ कार्यालयात राहतात आणि पुढच्या रात्रीच्या पाळीला त्यातले एक वाक्यही कळत नाही. ज्या शिपायाने मृतदेह पाहिला त्याच्याशीही कोणी बोलत नाही. तो तरुण शिपाई पुढे कित्येक महिने रात्रपाळी टाळत होता.

आपल्या वर्तमानपत्राला माझी एवढीच विनंती आहे की, अशी बातमी छापताना बंदी कधी दाखल झाला, त्याची तपासणी कधी आणि कोणी केली आणि त्याच्याबद्दलचे कागद त्याच्याबरोबर आले होते का, हे आपल्या प्रतिनिधींनी विचारावे. आणि चौकशीचा अहवाल येईल तेव्हा, तो वर्षभराने आला तरी, त्याला पहिल्या बातमीइतकीच जागा द्यावी.

आपला,
एक निवृत्त कारागृह वैद्यकीय अधिकारी