सूचना : या रविवारी सहल नाही, गच्चीवर निवांत बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. ऊन फार वाढलंय, म्हणून या रविवारी कुठेही जायचं नाही. संध्याकाळी 6 वाजता आमच्या गच्चीवर या. सोलापुरी चादरी अंथरलेल्या असतील. लोळा, गप्पा मारा, डुलकी आली तरी चालेल.

येताना प्रवासाची एक आठवण आणि तिच्याशी जोडलेला एक पदार्थ आणावा. माझी आठवण नळदुर्गच्या किल्ल्याची. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलाय. पावसाळ्यात नर-मादी धबधबे समोरून कोसळतात आणि आपण आत कोरडे उभे! बाहेर आल्यावर आईने बांधून दिलेली कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी खाल्ली. ती चव अजून जिभेवर आहे. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, म्हणून प्रवासाला तीच खरी शिदोरी. चटणी मात्र उखळात कुटलेलीच आणा, तेल सुटलेली. मिक्सरमधल्या चटणीला ती गोडी नाही.

जुने फोटो असतील तर अल्बमच आणा. ज्येष्ठांना जिना चढवत नसेल, तर आधी कळवा, बैठक खाली अंगणात घेऊ. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत सांगा. ताक आमच्याकडे.